आरेंद हुकस्त्राचं नाक

आरेंद टोस्टवरची काजळी सुरीने खरवडत होता, तेव्हा फेमकेची गाडी अंगणात शिरली. टोस्ट जळतोय हे त्याला धूर डोळ्यांत गेल्यावर कळलं होतं. शेजारच्या क्लेमला ते त्याच्याही आधी कळलं होतं, बटाट्याच्या शेतात उभ्या उभ्या, आणि म्हाताऱ्या, नाश्ता करतोयस की घर पेटवतोयस, असं त्याने कुंपणावरून विचारलंही होतं. आरेंदने खिडकीतून नुसता हात हलवला. या हिवाळ्यात असे टोस्ट बरेच झाले होते. बायको गेल्यापासून म्हाताऱ्याचं कशात लक्ष नसतं, अशी क्लेमची समजूत होती. आरेंदने ती मोडली नव्हती.

गाडी त्याने कानाने ओळखली. वीत्सेची गाडी. एकाहत्तर सालची, जर्मन बनावटीची, सायीच्या रंगाची. वीत्से आणि तो लहानपणी एकाच बोटीतून, आईबापांच्या बोटांना धरून हॉलंडहून टास्मानियाला आले होते. पुढे वीत्सेने गायी पाळल्या आणि आरेंदने गाड्यांची पोटं उघडली. वीत्से दोन वर्षांपूर्वी गेला आणि गाडी लेकीकडे आली. आज ती चार घास नीट खाऊन पाचव्याला ठसका लागणाऱ्या माणसासारखी चालत होती.

फेमके उतरली. साठीला आलेली, उंच, बापासारखेच मोठे हात. तिने आरेंदच्या गालांवर डच रीतीने तीनदा गाल टेकवले आणि दम न घेता सगळं सांगून टाकलं. घर विकलं होतं. समुद्रापलीकडे बॅलरॅटला बहीण एकटी होती, तिचं खुब्याचं हाड बदललं होतं, आता दोघी एकत्र राहणार होत्या. सामान पुढे गेलं होतं. उद्या संध्याकाळच्या जहाजात डेव्हनपोर्ट बंदरातून गाडी चढवायची होती. आणि नेमकी आता ती पाण्यासारखं पेट्रोल पीत होती, मागून काळा धूर सोडत होती आणि चढावर गचके देत होती. गावातल्या एका तरुण मेकॅनिकने सांगितलं होतं, की हे पेट्रोल फवारणारं जुनं इंजेक्शन काढून फेकून द्या, दोन कार्ब्युरेटर बसवू, कटकट मिटेल.

एके काळी एवढ्या वाक्यावर आरेंदने अर्धा तास भाषण दिलं असतं. फेमके त्याची वाटही बघत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू तयार होतं. आरेंद म्हणाला, "आत घे गाडी."

ती जरा थांबली. मग तिने गाडी शेडमध्ये घेतली.

शेडमध्ये लाकडाची शेगडी पेटलेली होती. दाराजवळच्या खुंटीवर त्याच्या बायकोचं, ट्रूसचं, निळं लोकरी जाकीट लटकत होतं. आरेंद काम करत असे तेव्हा ती विणकाम घेऊन इथे येऊन बसायची. त्या वेळचं ते जाकीट. मागच्या हिवाळ्यात दोघांनाही एकाच आठवड्यात ताप आला. आरेंद उठला. ट्रूस उठली नाही. तिच्या दफनाच्या दिवशी लोक एकमेकांना म्हणाले, की म्हातारा खंबीर आहे. तो खंबीर नव्हता. त्याला काही जाणवतच नव्हतं. पाय थंड आहेत, कॉलर टोचते आहे, एवढंच कळत होतं. नंतर कपाट आवरायला आलेल्या मेहुणीने ट्रूसचे कपडे पलंगावर काढून ठेवले, तेव्हा त्याने त्यांत तोंड खुपसून पाहिलं. कसलाच वास आला नाही. कपडे धुतलेले असतील, असं त्याला वाटलं. मग त्याने कॉफीचा डबा उघडून हुंगला. मग पेट्रोलचा.

हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगायचं तर कधीपासून हे सांगावं लागलं असतं, आणि कधीपासून म्हटलं की पुढचं सगळं आलं. शिवाय या किनाऱ्यावर आरेंद म्हणजे त्याचं नाक. लोक धूर बघतात, तो धूर हुंगायचा. पेट्रोल जास्त जळतंय की कमी, की त्यात तेल मिसळतंय, हे मीटर लावण्याआधी सांगायचा. जुनी गाडी विकत घेणारा माणूस विचारायचा, "आरेंदने हुंगलीय का?" हुंगली असेल तर भाव वर जायचा.

त्याने इंजिन चालूच ठेवलं, मागे गेला, धुराच्या नळकांड्यापाशी वाकला आणि सवयीने श्वास ओढला. नाकात ऊब गेली, एवढंच. पण वाकता वाकता हातातलं पांढरं फडकं त्याने नळकांड्यासमोर धरलं होतं. ते काळं झालं.

"पेट्रोल फार," तो म्हणाला.

फेमके समाधानाने हसली. बाबा म्हणायचे, तुमच्या नाकाला पेन्शन मिळायला हवी, असं ती म्हणाली. आरेंदने फडकं खिशात घातलं.

कामाची त्याची रीत ठरलेली होती: आधी बघायचं, मग मोजायचं, पान्हा सगळ्यात शेवटी. या जुन्या इंजेक्शनला लोक घाबरतात आणि घाबरलेला माणूस भाग बदलत सुटतो. हा बदल, तो बदल. शेवटी गाडी नवी होते आणि दुखणं जुनंच राहतं. खरं पाहिलं तर गोष्ट साधी आहे. पंप पेट्रोल ढकलतो. इंजिनाच्या प्रत्येक नळीवर एक छोटी तोटी बसवलेली असते, तिचं नाव इंजेक्टर. तोटी किती वेळ उघडी ठेवायची ते सीटखाली बसवलेला एक डबा ठरवतो. त्या डब्याला डोळे नाहीत, हात नाहीत. हवा किती आली, इंजिन गरम आहे की गार, हे त्याला तारांतून निरोप येतील तसं कळतं. निरोप खरा तर हुकूम खरा.

म्हणून आरेंदने आधी पंपाचा दाब मोजला. गेजचा काटा हवा तिथे स्थिर उभा राहिला. मग त्याने लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक एकेका इंजेक्टरवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. चारही जण शहाण्या पोरांसारखे टिकटिक करत होते. कान अजून चांगले होते. त्याने फेमकेलाही ऐकवलं. ती लहान असताना वीत्सेबरोबर यायची तेव्हा त्याने तिला असंच ऐकवलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, की आत कोणी तरी विणतंय. आताही तिने तेच म्हटलं आणि मग खुंटीकडे पाहिलं.

स्पार्क प्लग काढले तर चारही कोळशासारखे काळे. म्हणजे एकच तोटी गळत नव्हती. चौघांनाही जास्त उघडं राहण्याचा हुकूम मिळत होता. हुकूम चुकतोय तर निरोप चुकत असणार. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, जसं थंडीत माणसाला पांघरूण जास्त लागतं. तापल्यावर ते काढून घ्यायचं असतं. आरेंदने डब्याकडे जाणाऱ्या तारेला मीटर लावला. इंजिन इतकं तापलं होतं, की त्यावर हात ठेवता येत नव्हता. मीटरचा आकडा मात्र दंवात उभ्या असलेल्या इंजिनाचा होता.

त्याने इंजिनाची गरमी मोजणाऱ्या सेन्सरची पिन ओढून काढली. आत हिरवा गंज होता, शेवाळासारखा. खुद्द सेन्सरवर मीटर धरला तर आकडा बरोबर. सेन्सर खरं तेच सांगत होता. ते पुढे जात नव्हतं.

"म्हणजे तो बिचारा डबा अजून हिवाळ्यातच बसलाय," फेमके म्हणाली. "इंजिन इथे भाजून निघतंय, आणि हा आपला पांघरुणावर पांघरूण घालतोय."

"हं," आरेंद म्हणाला.

त्याने तारेचं टोक कापलं, नवी पिन चिमट्याने दाबून बसवली, प्लग घासून परत लावले. इंजिन सुरू झालं, क्षणभर खाकरलं आणि मग शिवणयंत्रासारखं एका लयीत चालू लागलं. फेमकेने दोन्ही हात तोंडावर ठेवले. हा तिच्या बापाच्या गाडीचा आवाज होता, रविवारी चर्चला जातानाचा. तिचे डोळे भरून आले. आपल्यालाही या वेळी काही वाटायला हवं, हे आरेंदला आठवलं. गाडीखाली पडलेला नट शोधावा तसं त्याने ते शोधलं. सापडलं नाही. त्याने हात पुसले.

गाडी लगेच नेता येणार नव्हती, हे फेमकेलाही ठाऊक होतं. इंजेक्शनची गाडी आरेंद कधीच त्याच दिवशी देत नसे. ती एक रात्र त्याच्या शेडमध्ये, शेगडी विझवून, गार पडू द्यायची. तरुणपणी मेलबर्नला ज्या जर्मन उस्तादाकडे तो शिकला, त्याचा हा नेम होता. गरम रबर खोटं बोलतं, थंड रबर खरं बोलतं, असं तो म्हणायचा. पेट्रोलच्या रबरी नळ्या जुन्या झाल्या की कडक होतात. उबेत त्या फुगतात आणि चिरा बुजतात. गारठ्यात आखडतात आणि चिरा उघडतात. म्हणून पहाटे, इंजिन सुरू न करता, चावी दोनदा फिरवायची. पंप क्षणभर गुणगुणतो, नळ्यांत दाब भरतो. मग बॉनेट उघडून नाक खाली घालायचं. डोळ्याला न दिसणारी गळती नाकाला सापडते. हे पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकलं, तर गाडीबरोबर माणूसही जातो.

जाण्याआधी फेमकेने आणलेलं वाटाण्याचं घट्ट सूप शेगडीवर गरम केलं, सॉसेजचे काप घातलेलं. आरेंदने वाडगंभर संपवलं. ते गरम होतं आणि खारट होतं. छान झालंय, तो म्हणाला. आईच्या पद्धतीने केलं, यात लवंग आहे, कळली का, तिने विचारलं. कळली, तो म्हणाला.

ती क्लेमच्या गाडीतून मैत्रिणीकडे गेली. आरेंदने गाडीखाली पुठ्ठ्याचा मोठा तुकडा सरकवला. नाकाच्या जागी गेले काही महिने तो हाच पुठ्ठा वापरत होता. आतापर्यंत दोन गाड्या झाल्या होत्या आणि पुठ्ठ्याने दगा दिला नव्हता.

सकाळी दंव पडलं होतं. कुंपणापलीकडचं गवत पांढरं होतं आणि क्लेमच्या वॉटलच्या झाडाला पिवळा मोहर लागला होता. लोक म्हणत, या दिवसांत साऱ्या रस्त्याला त्याचा मधासारखा वास येतो. आरेंदने शेडमध्ये जाऊन चावी फिरवली. मागे पंप गुणगुणला. चावी बंद, परत फिरवली. बॉनेट उघडलं. तो वाकला आणि लांब श्वास घेतला.

थंडी. नुसती थंडी.

मग त्याने पुठ्ठा ओढून पाहिला. कोरडा. टॉर्चच्या उजेडात एकेक नळी पाहिली. कोरड्या. एक नळी मात्र दिसत नव्हती. ती इंजिनाच्या मागे, पत्र्याच्या भिंतीलगत खाली वळत होती. तिच्याखाली गरमी अडवायला वीत्सेने कधीकाळी नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, जाड तुकडा बसवला होता. आरेंदने हात घालून ती चाचपली. बोटं गारठ्याने बधिर झाली होती. नळी थंड लागली. थंड होती की ओली होती? त्याने बोटं काढून बघितली. बोटांवर काही नव्हतं. पेट्रोल तसंही टिकत नाही, उडून जातं. त्याने बोटं नाकाशी नेली आणि तशीच खाली आणली.

पुठ्ठा कोरडा होता. पुठ्ठ्याने अजून दगा दिला नव्हता. त्याने बॉनेट मिटलं, शेगडीत लाकडं रचली आणि काड्यापेटी हातात घेतली.

तेवढ्यात बाहेर क्लेमचा आवाज आला. बायकांना इतक्या सकाळी उठवून गाड्या देणारा हा एकच गॅरेजवाला, असं काहीतरी तो फेमकेला सोडताना बोलत होता. मग त्याची गाडी निघून गेली. फेमके आत आली. खांद्यावर बॅग, डोक्यावर लोकरी टोपी, नाकाचा शेंडा थंडीने लाल.

"झाली तपासणी?"

"झाली. ठीक आहे."

तिने बॅग मागच्या सीटवर टाकली. मग थांबून इकडेतिकडे पाहिलं. "काका, आज शेडमध्ये पेट्रोलचा वास जरा जास्तच आहे, नाही?"

"शेड आहे पोरी, अत्तराचं दुकान नव्हे," आरेंद म्हणाला. वाक्य आपोआप तोंडातून निघालं. गेल्या चाळीस वर्षांत हेच वाक्य त्याने किती तरी बायकांना ऐकवलं होतं.

फेमके हसली. "तेही खरंच. तुमचं नाक ठीक म्हणतंय, तर माझ्या नाकाला कोण विचारतो." ती गाडीत बसली आणि दार ओढून घेतलं.

आरेंद शेगडीपाशी उभा होता. एका हातात काड्यापेटी, दुसऱ्या हातात काडी. तो आपल्या हाताकडे बघत राहिला. त्याला भीती वाटली नाही. भीती वाटायला हवी, हे मात्र अगदी स्पष्ट कळत होतं, फळ्यावर लिहिल्यासारखं. फेमकेने चावीला हात घातला. अजून गप्प राहिलं तर काय होईल, हेही त्याला क्रमाने दिसत होतं: इंजिन सुरू होईल, ती डेव्हनपोर्टकडे निघेल, कुठल्याशा चढावर इंजिन तापेल. किंवा काहीच होणार नाही. वास शेडचाच असेल. बोलायला गेलं तर सगळं बोलावं लागेल. वीत्सेची पोर त्याच्या नाकावर भरवसा ठेवून स्वतःचं नाक बाजूला ठेवत होती.

त्याने काडी पेटीत परत घातली.

"फेमके. चावी सोड."

तिने काचेतून पाहिलं.

"हात काढ चावीवरून. खाली उतर. दार आपटू नकोस."

ती उतरली. त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच बहुधा ती काही न बोलता उतरली. आरेंदने काड्यापेटी खिडकीतून बाहेर, दंवाच्या गवतात टाकली. मग शेडचं मोठं दार पूर्ण उघडलं.

"तुला वास येतोय तो कसला?" त्याने विचारलं. "नीट सांग."

"पेट्रोलचा. म्हणजे तुम्ही म्हणालात, शेड..."

"मी म्हणालो ते सोड. मला वास येत नाही."

"आज?"

"मागच्या हिवाळ्यापासून. काहीच येत नाही. काल मी मागे वाकलो ते नाटक होतं. आज पहाटेही."

फेमके त्याच्याकडे बघत राहिली. एकदा तिची नजर खुंटीवरच्या जाकिटाकडे गेली आणि परत आली. आता ती रागावेल, असं आरेंदला वाटलं. रागावायला हवं होतं. तिच्या तोंडावर राग आला, थांबला आणि गेला.

"आणि लवंग?" ती म्हणाली.

"नाही कळली."

"मग उगाच चार घातल्या." तिने टोपी काढून खिशात कोंबली. "चला. गाडी आधी बाहेर घ्यायची ना?"

दोघांनी गाडी ढकलून अंगणात आणली. तो स्टिअरिंगपाशी, ती मागून. एकोणऐंशीच्या माणसाला गाडी ढकलायला लावणं हा गुन्हा आहे, असं ती धापा टाकत म्हणाली. लहान असताना आपल्यालाही असंच ढकलायला लावलं होतं, हेही तिने जोडलं. उघड्या हवेत त्याने बॅटरीची तार सोडवली आणि बॉनेट उघडलं. कसं हुंगायचं ते तो तिला सांगत गेला. एकदम मोठा श्वास नाही घ्यायचा. छोटे छोटे, कुत्र्यासारखे. एका जागी तीनदा. मग तोंड बाजूला करून स्वच्छ हवा घ्यायची, नाही तर नाक लगेच आंधळं होतं. पुढून सुरुवात करायची, वाऱ्याकडे पाठ करायची नाही. तो हे सारं बोलतोय हे त्याचं त्यालाच दुरून ऐकू येत होतं. इतकी सलग वाक्यं त्याने कित्येक महिन्यांत बोलली नव्हती.

फेमके वाकून वाकून हुंगत होती. इथे कमी. इथे थोडा. इथे नाही. मागच्या पत्र्यापाशी ती एकदम मागे झाली आणि डोळे मिटून घेतले.

"इथे. डोकं फिरेल इतका."

आरेंदने बाहेरचे दोन स्क्रू काढले आणि वीत्सेने लावलेला नमदा ओढून घेतला. तो जड होता. त्याने तो अंगणातल्या फरशीवर पिळला. पेट्रोलची धार पडली आणि थंड फरशीवर पसरली. म्हणून पुठ्ठा कोरडा होता. नमदा सगळं पिऊन बसला होता, पहाटेपासून किंवा कित्येक पहाटांपासून. वरची नळी त्याने वाकवली, तेव्हा तिच्या पाठीवर बारीक चिरांची जाळी उघडली, जुन्या हातावरच्या कातडीसारखी.

दोघं त्या ओल्या डागाकडे बघत उभी राहिली. डाग कडेने वाळत चालला होता.

"मी निघाले असते," फेमके म्हणाली.

"हो."

"तुमच्या हातात काड्यापेटी होती."

"हो."

आरेंदने शेडमधून नव्या नळीचं वेटोळं आणलं. एक फुटली म्हणजे बाकीच्याही त्याच वयाच्या. सगळ्याच बदलायच्या, असं त्याने सांगितलं. तो नळ्या मापून कापत होता, ती क्लिपा हातात देत होती. दुपारपर्यंत काम चाललं. मधे क्लेम कुंपणाशी येऊन उभा राहिला, गाडी बाहेर का, म्हणून चौकशी केली. आरेंद त्याला म्हणाला, की माझं नाक गेलंय, मागच्या हिवाळ्यापासून. दुसऱ्यांदा सांगणं सोपं होतं. क्लेमने कुंपणावर कोपरं टेकली. मग म्हणाला, म्हणजे माझ्या कोबीच्या खताबद्दल तू यंदा तक्रार केली नाहीस ती चांगुलपणाने नव्हे तर. थोड्या वेळाने तो परत आला आणि आग विझवायचं आपलं लाल नळकांडं शेडच्या दाराशी ठेवून गेला.

नळ्या बसल्या. चावी दोनदा फिरवली. पंप गुणगुणला. फेमके पुढून मागे, मागून पुढे हुंगत गेली, छोटे छोटे श्वास, मधेच तोंड बाजूला. काही नाही, ती म्हणाली. आरेंदने परत हुंगायला लावलं. काही नाही. इंजिन तापवून, बंद करून, शेडच्या सावलीत गार करून तिसऱ्यांदा. दंवातल्या पहाटेइतकं ते गार होणार नव्हतं, पण रबर नवं होतं.

"पॉलिश आणि माझ्या आंघोळीचा साबण," ती शेवटी म्हणाली. "बाकी काही असेल तर देव जाणे."

जहाजाला अजून वेळ होता. ती शेडमधल्या नळावर हात धूत होती, तेव्हा आरेंद खुंटीपाशी गेला. जाकीट काढलं. ते हातात धरून तो तिच्या मागे उभा राहिला, आणि ती वळेपर्यंत थांबला.

"याला कसला वास येतो?"

फेमकेने ओले हात स्कर्टला पुसले. जाकीट घेतलं. आधी लहान श्वास घेतला, मग दुसरा. तोंड बाजूला करून दाराकडची हवा घेतली, जसं सकाळी शिकली होती, आणि परत एकदा कॉलरपाशी नाक नेलं. तिने घाई केली नाही.

"लोकरीचा," ती म्हणाली. "शेगडीच्या धुराचा, थोडा. कॉलरला कसला तरी साबण, नाही, क्रीम. हाताला लावायचं, गुलाबी डबीतलं." ती थांबली. "आणि पेट्रोलचा. बाहीला बराच."

"पेट्रोलचा?"

"हो."

आरेंद तिच्याकडे बघत राहिला. घरात शिरताना कपडे दारात काढ, तुझ्या पेट्रोलने माझ्या उशा नासतात, असं ट्रूस आयुष्यभर म्हणत आली होती. आणि तिच्याच बाहीला.

त्याने जाकीट परत घेतलं आणि खुंटीला अडकवलं. कॉलर सरळ केली. मग बाहीवरून एकदा हात फिरवला. फेमके त्याच्या शेजारी नुसती उभी राहिली. मग गाडीपाशी जाताना तिने त्याच्या गालांवर तीनदा गाल टेकवले, पोहोचल्यावर फोन करेन म्हणाली, आणि डॉक्टरकडे जा असं सांगून तिने खिडकीची काच वर केली. गाडी फाटकातून बाहेर वळली. चढावर गचका बसला नाही. ती दिसेनाशी झाल्यावरही आरेंद कान देऊन उभा राहिला. तिची शिवणयंत्रासारखी लय नदीच्या पुलापर्यंत ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी दोन फोन आले. पहिला फेमकेचा: बहीण बरी आहे, गाडीने पेट्रोल माणसासारखं खाल्लं. दुसरा बर्नीहून, कोणा अनोळखी माणसाचा. त्याच्याकडे तशीच जुनी इंजेक्शनची गाडी होती, गरम झाली की सुरू होत नव्हती, आणि आरेंद हुकस्त्राच्या नाकाबद्दल त्याने फार ऐकलं होतं. कधी आणू, असं तो विचारत होता.

आरेंदच्या हातात टोस्ट होता, एका बाजूने काळा. तो खिडकीतून बाहेर बघत होता. क्लेम वॉटलच्या झाडाखाली वाकून काहीतरी उचलत होता.

"गुरुवारी आणा," आरेंद म्हणाला. "रात्रभर ठेवावी लागेल. आणि शुक्रवारी पहाटे घ्यायला याल तेव्हा कोणाला तरी सोबत आणा. बायको, शेजारी, कोणीही चालेल. नाक चांगलं हवं."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. तो थांबेपर्यंत आरेंद थांबला.

"नाही, थट्टा नव्हे," तो म्हणाला. "सांगतो."